मिसेस रुडॉल्फ यांची सही

बुधवारी सकाळी क्लॉडीन आईच्या वेण्या घालत होती. एक्क्याण्णव वर्षांच्या डोक्यावर केस ते किती उरणार! पण मिसेस आयसी बेल रुडॉल्फ यांना सहा वेण्या लागत म्हणजे लागत. पाचांत भागवलं तर आरशाशिवाय कळे. ऑगस्टात परसातली भेंडी तोडताना त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून पुढच्या खोलीतली खाट हेच त्यांचं घर, चर्च आणि चावडी झालं. पाच मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. बोलायचं नाही असं मात्र त्यानं सांगितलं नव्हतं.

"डावीकडची सैल झाली."

"नाही गं झाली, आई."

"डोकं कुणाचं आहे?"

क्लॉडीननं निमूट वेणी सोडली आणि पुन्हा घातली. तिचं स्वतःचं वय एकसष्ट. तीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती आणि आरशातून नुसतं बघून साठ पोरांना गप्प बसवलं होतं. पण या खाटेपाशी आली की ती दहा वर्षांची होई.

तेवढ्यात तिचा नवरा होझिया रस्त्याकडेच्या पेटीतलं टपाल घेऊन आला. "सासूबाई, तुमच्या नावानं काउंटीचं पाकीट आहे. मतपत्रिका आली वाटतं."

पाकीट पातळ होतं. मतपत्रिका एवढी पातळ नसते, हे क्लॉडीनच्या हाताला आधीच कळलं. तिनं कागद उघडला आणि मनातल्या मनात वाचला.

"ओठ हलवू नकोस, मोठ्यानं वाच," आई म्हणाली.

"'टपाली मतपत्रिका मागण्याचा आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. कारण, अर्जावरची सही मतदार नोंदवहीतल्या सहीशी जुळत नाही.'"

आईनं हात पुढे करून कागद स्वतः बघितला.

"म्हणजे माझी सही माझ्या सहीशी जुळत नाही," मिसेस रुडॉल्फ म्हणाल्या. "मग माझ्या जागी हे कोण झोपलंय, ते विचार त्यांना."

आता या अर्जाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण सारं घोडं तिथंच पेंड खातं. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ज्या म्हाताऱ्या माणसांना मतदानाच्या जागी जाणं जमत नाही, त्यांना घरी मतपत्रिका मागवता येते. ती मागवायला अर्ज लागतो. गेली बावीस वर्षं नेबो या आम्हा काळ्या माणसांच्या रस्त्यावरच्या साऱ्या म्हाताऱ्यांचे अर्ज क्लॉडीन आणत होती, नाव-पत्ता भरून देत होती, त्यांच्या सह्या घेत होती आणि कचेरीत पोचवत होती. मत कुणाला देणार, हे तिनं कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. गेल्या वसंतात राजधानीतल्या मंडळींनी नवा कायदा केला. अर्ज ज्याचा त्यानंच भरायचा. दुसऱ्यानं त्यावर नाव लिहिलं तरी गुन्हा. घरातल्या माणसाचा एक अर्ज टपालात टाकायला हरकत नाही, पण शेजाऱ्याचा नेलात तर तुरुंग. ओळखपत्राची प्रत जोडा, कारणापुढे खूण करा, आणि सही नोंदवहीतल्यासारखी हुबेहूब करा. अर्जांत फसवाफसवी होते म्हणे. कुठं झाली, कुणी केली, हे काही कुणी दाखवून दिलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

होझियानं त्या वेळी बायकोला स्पष्ट सांगितलं होतं, "म्हातारपणी तुला भेटायला तुरुंगात यायची माझी तयारी नाही." आणि क्लॉडीननं ऐकलं. या वर्षी तिनं एकाच्याही दारात पाय ठेवला नाही. रस्त्यावर अशी आठ माणसं होती. मिसेस टोलिव्हर थरथरत्या हातांच्या, मिस्टर जेसप एका पायाचे. चर्चमध्ये ती माणसं भेटली की क्लॉडीन दुसरीकडे बघे. तीही बिचारी काही बोलत नसत, आणि त्यांचं ते न बोलणं तिला जास्त लागे.

गुरुवारी ती काउंटीच्या कचेरीत गेली. खिडकीपलीकडे कर्टनी बसली होती. चोवीस वर्षांची गोरी मुलगी, एकेकाळी क्लॉडीनच्या बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसून नखं खायची. अजूनही खात होती, आणि इकडच्या रीतीनं वडीलधाऱ्या बायकांना अजूनही 'मिस' म्हणत होती.

"मिस क्लॉडीन! कशा आहात? आणि मिस आयसीचा पाय कसा आहे?"

"मिसेस रुडॉल्फ," क्लॉडीन म्हणाली.

"हो, त्याच. अय्या, सॉरी."

कर्टनीनं संगणकात शोधलं आणि पडदा जरासा तिच्याकडे वळवला. पडद्यावर एका जुन्या कार्डाचं छायाचित्र होतं, सन पासष्टच्या ऑगस्टातलं. तळाशी तरुण, टोकदार अक्षरांत सही होती: आयसी रुडॉल्फ. शेजारी या वेळचा अर्ज. त्यावर मोठ्या, थकलेल्या, पण सरळ अक्षरांत लिहिलं होतं: मिसेस आयसी बेल रुडॉल्फ.

"हे बघा," कर्टनी पेन्सिलीनं दाखवत म्हणाली, "इथं 'मिसेस' आहे आणि 'बेल' आहे. तिथं नाहीये. साहेब म्हणाले, नाही जुळत."

"अगं, अक्षर तर बघ. तोच 'र' आहे. साठ वर्षांनी म्हातारा झालाय एवढंच."

"मला दिसतंय ना, मिस क्लॉडीन. पण मी ठरवत नाही."

"मग नोंदवहीतली सही बदलून घेऊ. कोरं कार्ड दे, आई नवी सही करेल."

"नोंदवही सोमवारी बंद झाली. मतदानाच्या आधी दोन आठवडे बंद होते."

"पत्र काल मिळालं आम्हाला."

कर्टनीनं पत्रावरची तारीख पाहिली. ती दहा दिवसांपूर्वीची होती. मग पाकिटावरचा टपालाचा शिक्का पाहिला. तो याच सोमवारचा होता. तिचं बोट पुन्हा तोंडाकडे गेलं. "माझ्या हातात काय आहे?" ती हळूच म्हणाली. "हे घ्या, दोन कोरे अर्ज देते. एखादा चुकला तर असू दे. येत्या मंगळवारी पाचच्या आत इथं पोचायला हवा. त्यांना फक्त सांगा, की 'मिसेस' आणि 'बेल' लिहू नका. बास! दोनच तर शब्द आहेत."

दोनच तर शब्द. गाडी चालवताना क्लॉडीनलाही तसंच वाटत होतं. आई हट्टी आहे, पण वेडी नाही. समजावलं तर ऐकेल.

आईनं सारं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते कार्ड पाहिलंस तू?"

"पाहिलं."

"बसून ऐक."

ही गोष्ट क्लॉडीननं लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती. सलग अशी त्या दिवशी पहिल्यांदाच. त्या काळी काउंटीतली प्रत्येक गोरी लग्नाची बाई 'मिसेस' असे, मग ती अठरा वर्षांची का असेना. काळी बाई मात्र जन्मभर नुसत्या नावाची धनी. दुकानात आयसी, दवाखान्यात आयसी, आणि केस पिकले की 'मावशी'. पासष्ट साली काळ्यांनाही बिनअडथळा मत देता यावं म्हणून नवा कायदा झाला आणि मिसेस रुडॉल्फ नाव नोंदवायला गेल्या. उन्हात चार तास उभ्या राहिल्या. टेबलामागच्या माणसानं नाव विचारलं.

"मी सांगितलं, मिसेस आयसी बेल रुडॉल्फ. त्यानं लेखणी खाली ठेवली. म्हणाला, 'या खोलीत मिसेस एकच, माझी बायको, आणि ती घरी आहे. आयसी, सही कर नाहीतर बाजूला हो.' माझ्यामागे चाळीस माणसं होती. तुझे बाबा होते. मी भांडले असते तर त्यानं दार लावून घेतलं असतं. म्हणून केली मी सही, त्याला पाहिजे तशी." मिसेस रुडॉल्फ थांबल्या. "तेवढी एकदाच. घरी येऊन तुझ्या बाबांना सांगितलं, आता मरेपर्यंत या हातातून 'मिसेस'शिवाय सही निघणार नाही. विजेच्या बिलावर केली, तुझ्या प्रगतिपुस्तकावर केली, चर्चच्या वहीत केली. एका बँकेला चालत नव्हतं, तर बँक बदलली."

"आई, बरोबर आहे तुझं. पण मत जाईल गं. पासष्टपासून एकदाही चुकवलं नाहीस तू."

"मतासाठी नाव सोडायचं, की नावासाठी मत सोडायचं, हा हिशेब मला तेव्हा घातला होता. तेव्हा मी तिशीत होते, म्हणून वाकले. आता कंबर मोडली आहे, आता वाकता येत नाही."

होझिया दारात उभा होता. तो म्हणाला, "सासूबाई, गरज पडली तर शहाण्यानं गाढवाचे पाय धरावेत."

"धर तू. मला खाली वाकायला डॉक्टरनं मनाई केलीय."

शुक्रवारी दुपारी आई झोपली होती. क्लॉडीन स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली आणि तिनं दोन कोऱ्या अर्जांपैकी एक पुढे ओढला. नाव, जन्मतारीख, पत्ता तिनं आईच्या वळणानं लिहिला. आईची सही तिला चांगली येत होती. सातवीत गणितात नापास झाल्यावर तिनं ती प्रगतिपुस्तकावर केली होती आणि पकडली गेली होती, कारण घाईत 'मिसेस' लिहायचं राहिलं होतं. तेव्हा मार बसला तो त्या एका शब्दापायी. आता सरकारला नेमकी तीच चुकीची सही हवी होती. तिनं सावकाश लिहिलं: आयसी रुडॉल्फ. पडद्यावरच्या त्या जुन्या कार्डाशी ती तंतोतंत जुळली असती.

आपण आईसाठी करतो आहोत, असं ती स्वतःला सांगत होती. माणूस असं कुणासाठी म्हणून करतो तेव्हा त्याचा हात जास्तच सराईत होतो.

शनिवारी सकाळी तिनं पाकीट उचललं, तर खाटेवरून हाक आली. "ते काय चाललंय टपालात?"

"काही नाही, आई."

"काही नाहीला टपालतिकीट लागत नाही. आण इकडे."

एकसष्ट वर्षांची बाई पाकीट घेऊन गेली आणि तिनं ते दिलं. मिसेस रुडॉल्फ यांनी चष्मा लावला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्यांनी कागद नीट दुमडला आणि फाडला, पुन्हा दुमडला आणि पुन्हा फाडला. हातात जोर नव्हता, वेळ लागला. क्लॉडीन तो सगळा वेळ उभी होती.

"सरकारच्या लेखी हा गुन्हा आहे," आई म्हणाली. "पकडली असतीस तर त्यांना हवं तेच सापडलं असतं. बघा, बघा, सांगत होतो ना, ही माणसं खोट्या सह्या करतात! उद्या पेपरात तुझा फोटो आणि त्याखाली आपला सगळा नेबो रस्ता. पण ते राहू दे. त्या टेबलामागच्या माणसानं माझं नाव माझ्या डोळ्यांदेखत कापलं होतं, क्लॉडीन. तू मी झोपलेली असताना कापलंस."

क्लॉडीन खाटेच्या कडेवर बसली आणि रडली. आईनं तिला रडू दिलं. मग तिच्या पाठीवर एक चापट मारून म्हणाली, "झालं ना? आता दुसरा कोरा अर्ज आण, आणि उशी मागे लाव. पाच मिनिटं मिळतात मला बसायची. माझं नाव लिहायला तेवढी पुरतात."

त्यांनी तो अर्ज स्वतः भरला. तळाशी सही केली, मिसेस आयसी बेल रुडॉल्फ. 'मिसेस' जरा मोठंच लिहिलं. शनिवारच्या टपालात तो गेला.

मंगळवारी साडेचारला कर्टनीचा फोन आला. ती कुजबुजत होती. "मिस क्लॉडीन, अर्ज वेळेत पोचला. मी साहेबांना म्हटलं, मी या बाईंना ओळखते, त्या जिवंत आहेत आणि ही त्यांचीच सही आहे. ते म्हणाले, ओळखीवर कचेरी चालत नाही. पत्र येईल तुम्हाला."

"कधी? मतदान झाल्यावर?"

फोन ठेवताना कर्टनी एवढंच म्हणाली, "मिसेस रुडॉल्फना सांगा, मला वाईट वाटलं." क्लॉडीननं निरोप पोचवला. आई म्हणाली, "पोरीनं नाव तरी बरोबर घेतलं. सरकारी मुलखात एक माणूस सुधारलं."

मग थोड्या वेळानं म्हणाली, "तर मग मी जाते."

"कुठं?"

"मत द्यायला. प्रत्यक्ष गेलं तर तिथं सही कुणी कार्डाशी ताडून बघत नाही, फोटो बघतात. माझं तोंड काही बदललेलं नाही, फक्त सुरकुतलंय."

पूर्वी मतदान नेबो चर्चच्या दालनात होई, घरापासून हाकेच्या अंतरावर. सहा वर्षांपूर्वी काटकसर म्हणून ते बंद केलं आणि काउंटीच्या शाळेच्या व्यायामशाळेत नेलं. एकोणीस मैल. बसून जायचं तर आईला पाच मिनिटांची परवानगी. रुग्णवाहिका विचारली, तर ती फक्त दवाखान्यात नेते. होझिया म्हणाला, माझ्या ट्रकच्या हौद्यात गादी टाकू. तर आईनं विचारलं, मी काय फ्रीज आहे?

शेवटी होझियालाच सुचलं. कायद्याला एवढा भिणारा माणूस, पण सासूबाईंनी अर्ज फाडल्यापासून गप्प गप्प होता. त्यानं थॅडियस ग्रीअरला फोन लावला. ग्रीअर मंडळींचा अंत्यविधीचा धंदा. काउंटीतल्या काळ्या माणसांना तीन पिढ्या त्यांनीच मातीआड पोचवलं, आणि ज्या काळी गोऱ्यांची रुग्णवाहिका आमच्या दारी येत नसे त्या काळी आजारी माणसंही त्यांच्याच लांब काळ्या गाडीतून दवाखान्यात जात.

"कोण गेलं?" थॅडियसनं सवयीनं हलक्या, दुःखी आवाजात विचारलं.

"अजून कुणी गेलं नाही," होझिया म्हणाला. "पण जायचं म्हणतायत."

पुढच्या मंगळवारी, मतदानाच्या दिवशी, सकाळी आठला शववाहिका दारात उभी राहिली. थॅडियस काळा सूट घालून उतरला, टोपी काढून म्हणाला, "मिसेस रुडॉल्फ, गाडी तयार आहे."

"माझं माप आत्ताच घेऊन ठेव, थॅडियस. पुढच्या वेळी तुझी खेप वाचेल."

"तुमचं माप आमच्याकडे वीस वर्षांपासून आहे, मॅडम. तुम्हीच येत नाही."

चाकांच्या खाटेवर आडवं झोपवून त्यांना आत सरकवलं. डोक्याशी क्लॉडीन बसली. पुढे थॅडियस आणि होझिया. मिसेस रुडॉल्फ यांनी चर्चची निळी टोपी घातली होती, आडवं झोपूनसुद्धा. खिडक्यांचे पडदे उघडायला लावले. "मेल्यावर लावा," म्हणाल्या.

आमच्याकडे अजून रीत आहे, शववाहिका दिसली की समोरून येणारी गाडी बाजूला घेऊन थांबायचं. त्या सकाळीही गाड्या थांबत गेल्या. दूधवाला थांबला, लाकडांचा ट्रक थांबला. एका वळणावर एक गोरा शेतकरी लाल गाडीतून खाली उतरला, टोपी छातीशी धरून मान खाली घालून उभा राहिला. काच त्याच्यासमोर आली तेव्हा मिसेस रुडॉल्फ यांनी हात वर केला आणि त्याला राणीसारखा हलवून दाखवला. त्याच्या हातातली टोपी चिखलात पडली. होझिया इतका हसला की त्याला ठसका लागला.

शाळेच्या आवारात मात्र हसू मावळलं. मतदाराला आत यावंच लागेल, मतपत्रिका बाहेर आणता येणार नाही, असं दारावरच्या बाईनं सांगितलं. पायऱ्या सहा. थॅडियस, होझिया आणि रांगेतल्या चार माणसांनी खाट उचलली. काळी दोन, गोरी दोन. उचलताना कुणी कुणाला काही विचारलं नाही. बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबल होतं. टेबलापाशी मिस्टर हॅलोवे, निवृत्त शिक्षक, मतदार यादी घेऊन बसलेले. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, फोटो पाहिला, खाटेवरचा चेहरा पाहिला. जागेवरच्या नियमाप्रमाणे नाव मोठ्यानं पुकारायचं, मतदारानं 'हो' म्हणायचं, मग शेजारचा माणूस यादीत खूण करणार.

"आयसी रुडॉल्फ," ते म्हणाले.

कुणी उत्तर दिलं नाही.

"आयसी रुडॉल्फ?"

मिसेस रुडॉल्फ छताकडे बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. दुसऱ्याच कुणाला हाक मारली जात असताना माणूस जसा थांबतो, तशा त्या थांबल्या होत्या.

मागच्या रांगेत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "ऐकू येत नसेल म्हातारीला." हॅलोवेंनी क्लॉडीनकडे पाहिलं. "बाई, उत्तर मिळालं नाही तर मला पुढचं नाव घ्यावं लागेल. याच ना त्या?"

एक 'हो' म्हणायचं होतं. आई इथवर आली होती, मोडक्या हाडानिशी, एकोणीस मैल, शववाहिकेत. एका अक्षराचं काम होतं, आणि ते अक्षर क्लॉडीनच्या दातांपर्यंत आलं. तिनं आईकडे पाहिलं. मग तिनं हात मागे बांधले आणि हॅलोवेंना म्हणाली, "त्यांचं नाव त्यांना माहीत आहे, सर. तुम्ही त्यांना विचारा."

हॅलोवे खुर्चीतून उठले. टेबलाला वळसा घालून खाटेपाशी आले. निम्मी काउंटी त्यांनी शिकवली होती. उत्तर न देणारी माणसं त्यांनी पाहिली होती. "मॅडम," ते म्हणाले, "मी आपलं नाव काय पुकारू?"

"मिसेस आयसी बेल रुडॉल्फ."

त्यांनी यादीकडे पाहिलं. यादीत तसं नव्हतं. पण पुकारायचं कसं, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि व्यायामशाळेच्या भिंतींवर आदळेल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाले, "मिसेस आयसी बेल रुडॉल्फ!"

"हो," मिसेस रुडॉल्फ म्हणाल्या. "हजर आहे."

क्लॉडीनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. साठ वर्षं अडकून पडलेला तो शब्द या काउंटीच्या सरकारी तोंडातून तिनं पहिल्यांदा ऐकला होता. थॅडियसनं आपला काळा कोट आडोशाला धरला, आणि त्याच्याआड मिसेस रुडॉल्फ यांनी छातीवर पाटी ठेवून मतपत्रिका भरली. यंत्रात कागद त्यांनी स्वतःच्या हातानं सरकवला.

"चला सासूबाई, घरी," होझिया म्हणाला. "दमलात."

"किती वाजले?"

"सव्वानऊ."

"आणि हे बंद कधी होतं?"

"संध्याकाळी सातला."

"थॅडियस, आज कुणाला पुरायचंय?"

"आज कुणी नाही, मॅडम."

"मग गाडी बाहेर रिकामी का उभी आहे?"

मिसेस रुडॉल्फ यांनी क्लॉडीनचा हात धरला. "दुसऱ्याचा अर्ज न्यायला बंदी आहे ना? माणूस न्यायला नाही. तुझी आठ माणसं आहेत नेबो रस्त्यावर. मला इथं भिंतीशी लावून ठेव, थॅडियसकडे दुसरी खाट आहे. आधी मिसेस टोलिव्हरला आण. आणि दारात गेलीस की मान वर करून जा, उशीर झाला म्हणून सांग, कारण सांगत बसू नकोस."

"आई, तू दिवसभर इथं..."

"इथं बरी करमणूक आहे. घरी काय, तूच आहेस."

होझिया सासूबाईंपाशी थांबला आणि क्लॉडीन थॅडियसशेजारी पुढच्या सीटवर बसली. मिसेस टोलिव्हर दारात थरथरत उभ्या राहिल्या आणि काळी गाडी बघून म्हणाल्या, "अगं, मी अजून आहे!" "म्हणूनच आले," क्लॉडीन म्हणाली, आणि मग तिला 'माफ करा' म्हणायला जमलं. मिस्टर जेसप आपला लाकडी पाय काखेत मारून स्वतःच आत सरकले. त्या दिवशी शववाहिकेच्या एकूण नऊ खेपा झाल्या, आणि टेबलापाशी प्रत्येकानं आपलं नाव आपणच सांगितलं.

पहिल्या तीन खेपांना रस्त्यावरच्या गाड्या आदरानं थांबत होत्या. चौथ्या खेपेपर्यंत गावात बातमी फुटली, की आत मेलेलं कुणी नाही, नेबो रस्त्यावरचे जिवंत म्हातारे मत द्यायला चाललेत. तिथून पुढे गाड्या थांबेनाशा झाल्या. एकानं तर शिव्या देत गाडी आडवी घातली. मेलेल्या माणसाला वाट द्यायला आमच्याकडे कुणाची हरकत नसते. थॅडियसनं ब्रेक लावला आणि धंद्याच्या सवयीनं मान खाली घातली. शववाहिकेचा हॉर्न तीन पिढ्यांत कुणी वाजवला नव्हता. क्लॉडीननं शेजारून हात लांबवला, हॉर्नवर ठेवला, आणि ती आडवी गाडी बाजूला होईपर्यंत उचलला नाही.